अनसिंगचा भाव कोण फोडतं?

माझी आई म्हणते, ही पोरगी देवाघरचा प्रसादसुद्धा आधी वास घेऊन खाईल. आम्ही बौद्ध, आमच्या घरी प्रसादाचा प्रश्न येत नाही, पण आईच्या बोलण्यात खोटं काही नाही. मी संशयी आहे. भाजीवाल्यानं तराजू सरळ धरला तरी मी वाकून खालून बघते. कोणी विनाकारण गोड बोललं की हात आपोआप पर्सवर जातो. एरवी हा स्वभाव माणसाला एकटं पाडतो, माझ्या कामात मात्र त्याचाच पगार मिळतो.

वाशीमला सोयाबीन विकत घेणारी एक कंपनी आहे, तिचं नेटवर्क मी सांभाळते. कंपनी म्हणजे गावाबाहेर तेलाचा कारखाना, त्याला लागून ऑफिस आणि जिल्ह्यात ठिकठिकाणी खरेदी केंद्रं. रिसोडकडे केनवडला एक, मानोऱ्याकडे पोहरादेवीच्या रस्त्यावर एक, अनसिंगला एक. आणखीही आहेत, पण भानगड अनसिंगला झाली. प्रत्येक केंद्रात वजनकाट्याला जोडलेला एक कॉम्प्युटर असतो आणि हे सगळे कॉम्प्युटर ऑफिसच्या सर्व्हरशी बोलत असतात. त्यांचं बोलणं घडवून आणणारं सॉफ्टवेअर माझ्या ताब्यात.

लोकांना वाटतं, इकडून पाठवलेली गोष्ट तारेतून अख्खीच्या अख्खी तिकडे जाते. तसं नसतं. सॉफ्टवेअर तिचे तुकडे करतं, प्रत्येक तुकड्यावर कुठून निघाला, कुठे जायचं आणि कितवा ते लिहितं आणि देतं सोडून. या तुकड्याला पॅकेट म्हणतात. मग एखादं पॅकेट फायबरनं जातं, एखादं मोबाईलच्या सिमवरून, एखादं कुठे तरी रेंगाळतं. लग्नाला निघालेल्या पाहुण्यांसारखा कारभार. कोणी जीपनं, कोणी एसटीनं, कोणी मोटरसायकलवर तिघं बसून निघतात, पण मांडवात पोचल्यावर सगळे आपापल्या मानाप्रमाणे ओळीत बसतात. मामा दिसले नाहीत तर घरी निरोप जातो, मामाला पुन्हा पाठवा. पोहरादेवीची यात्रा असली की तिथला टॉवर भाविकांच्या फोननंच भरून जातो आणि आमचे मामा दुपारपर्यंत पोचत नाहीत.

आणि प्रत्येक पॅकेट कुलूपबंद असतं. वाटेत कोणी पकडलं तरी आतलं वाचता येत नाही. मलाही येत नाही. मला दिसतं ते वरचं: कोणत्या मशीनवरून कोणत्या मशीनकडे, केव्हा आणि किती. संशयी माणसाला तेवढंही पुष्कळ होतं. केनवडच्या केंद्रात क्रिकेटची मॅच कोण बघतं आणि मानोऱ्याकडचा ऑपरेटर जेवणाच्या सुट्टीत किती वेळ गायब असतो, हे मी इथे वाशीमला बसून सांगू शकते. पिशवी उघडायची गरज नसते, तिचा फुगीरपणा बघितला की झालं.

आमच्याकडे दुसऱ्या दिवशीचा सोयाबीनचा भाव कंपनीचे मालक, आमचे शेठ, स्वतः ठरवतात. संध्याकाळी तो सर्व्हरवरून केंद्रांना जातो, म्हणजे सकाळी काटा सुरू करायला सगळे तयार. शेतकऱ्यांना मोबाईलवर तो सकाळी कळतो. रात्रभर तो फक्त आमच्या घरात असतो, असा आमचा समज होता. पण गेल्या हंगामात अनसिंगला एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. रस्त्याच्या पलीकडे दुसऱ्या एका खरेदीदाराचं केंद्र आहे. आमचा भाव ज्या दिवशी चढायचा, नेमका त्याच दिवशी समोरच्याचाही सकाळी सकाळी चढायचा, आणि आमच्याहून थोडा वर. आमचा उतरला की तो जागेवर. शेतकरी शहाणा, दोन पैसे जास्त मिळतात तिथे गाडी वळवणार. आमचा काटा माशा मारत बसायचा.

शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. केबिनमध्ये त्यांच्या मागे भिंतीवर एक मोठा स्क्रीन आहे. नागपूरची माणसं हे सॉफ्टवेअर बसवायला आली होती तेव्हाच त्यांनी तो लावून दिला. त्यावर केंद्रांच्या नावांपुढे हिरवे दिवे दिसतात. शेठ म्हणतात, दिवे दिसले की जिवाला बरं वाटतं.

"मॅडम, भाव आपल्या घरातून फुटून राह्यला," शेठ म्हणाले. "केनवडले फुटत नाही, मानोऱ्याकडं फुटत नाही. फक्त अनसिंगले फुटते. अन् अनसिंगले कोन बसते, तुमाले मालूम हाय."

मला मालूम होतं. अनसिंगला भाई बसायचे. चाळिशी ओलांडलेला माणूस. पूर्वी वाशीमच्या स्टँडजवळ त्यांचं इंटरनेट कॅफे होतं, घरोघरी मोबाईल आले तेव्हा ते बुडालं आणि भाई आमच्याकडे आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. कॉम्प्युटरवर बायकोनं भरतकाम केलेला रुमाल झाकलेला. ईदला आमच्या ट्रक ड्रायव्हरच्या हाती ऑफिसात शिरखुर्म्याचा डबा यायचा. मी त्यांना भाई म्हणायची, ते मला ताई. आणि भाईंच्या बहिणीचा नवरा वाशीमच्या बाजारात सोयाबीनचा आडत्या आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आमच्या हिशेबनिसाचे दोन मेहुणे आडते आहेत. ते कोणी मोजलं नाही. मी मात्र मोजलं. नवीन ठिकाणी गेल्यावर "मूळ गाव कोणतं?" असं आडून आडून विचारत लोक शेवटी कुठे पोचतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. भाईंचं नाव न घेता शेठ जे बोलले ते मला नीट ऐकू आलं. राग आला. पण रागाबरोबर संशयही आला, हेही खरं. माझा संशय जातपात बघत नाही, तो सगळ्यांवर सारखाच येतो.

"तसं बी," शेठ म्हणाले, "भाव आला का तो लगेच मशीन बंद करून निंघून जाते. इतकी काय घाई रायते मानसाले?"

मी मान डोलावली आणि कामाला लागले. त्या वाक्यात काय होतं, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एका मशीनवर खास नजर ठेवायची सोय आहे. त्या मशीनवरून निघणाऱ्या आणि तिथे पोचणाऱ्या प्रत्येक पॅकेटच्या पत्त्याची नक्कल नजर ठेवणाऱ्याकडे येते. मी ती सोय भाईंच्या मशीनला लावली. रोज संध्याकाळी बघत बसायची. भाव पोचायचा, भाईंचं मशीन "पोचला" म्हणून सांगायचं आणि मग शांतता. कुठे मेल नाही, कुठे मेसेज नाही, बहिणीच्या नवऱ्याकडे सोडा, बातम्यांच्या पानाकडेसुद्धा एक पॅकेट जायचं नाही. दुसऱ्या केंद्रांची मशीनं मी पाहिली आहेत, त्यांच्यात लग्न जमवण्यापासून जमिनीच्या जाहिरातींपर्यंत सगळं सापडतं. इतकं स्वच्छ मशीन मी पाहिलं नव्हतं. आणि मला त्या स्वच्छतेचाच संशय आला.

मग शेठनी सापळा लावला. एके दिवशी भाव खरं तर होता तिथेच होता, पण फक्त अनसिंगला चढवून पाठवला. सकाळी दुरुस्त करायचा असं ठरलं. केनवडला खरा, मानोऱ्याकडे खरा, अनसिंगला खोटा. सकाळी समोरच्यानं भाव चढवूनच काटा उघडला.

ऑफिसात सकाळपासून एकच चर्चा. सापडला म्हणे. हिशेबनीस तर चहा पिता पिता मान हलवत होता, जसं काही त्यानंच पकडलं.

मी शेठना सांगितलं, "शेठ, भाईंच्या मशीनवरून काहीही बाहेर गेलेलं नाही. मी रोज बघतेय."

"मोबाईल?"

"त्यांचा मोबाईल आपल्या नेटवर्कवर नाही. त्याचं मला सांगता येत नाही."

"झालं मंग," शेठ म्हणाले.

मी खोटं बोलले नव्हते. जे दिसलं ते सांगितलं, जे दिसलं नाही ते दिसलं नाही म्हणाले. चौकशी होईपर्यंत भाईंना घरी बसायला सांगण्यात आलं. आता खरेदी केंद्राचा ऑपरेटर चोर ठरला म्हणजे काय होतं, ते आमच्या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. सगळी केंद्रं एकमेकांना ओळखतात. एकानं काढलेल्याला दुसरा दारात उभा करत नाही. कॅफे बुडाल्यावर भाईंना ही एक नोकरी मिळाली होती, ती गेली असती तर पुढे दुसरी नव्हती. आणि बाजारात बहिणीच्या नवऱ्याला लोक हसून विचारायला लागले होते, काय राव, उद्याचा भाव काय?

भाईंचा मला फोन आला.

"ताई, माही चौकशी कोन करून राह्यलं?"

"मीच करतेय, भाई."

"हौ का?" त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. "मंग बरं झालं. तुमी हाय त मले फिकर नाई."

फोन ठेवल्यावर मला फार चिडल्यासारखं झालं. माणसानं माझ्यावर असा डोळे झाकून विश्वास ठेवला की मला काय करावं तेच कळत नाही.

भाईंच्या जागी शेठनी स्वतःच्या भाच्याला बसवलं. घरचा माणूस, तिथे संशयाला जागा नाही. दोन-तीन दिवस भाव हललाच नाही. मग एका संध्याकाळी चढला. आणि सकाळी समोरच्याचाही चढला, आमच्याहून थोडा वर.

ऑफिसात त्या दिवशी चर्चा झाली नाही. शेठनी मला पुन्हा बोलावलं. ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते.

"भाचा त फोडनार नाई," ते म्हणाले. "मंग राह्यलं कोन? भाव मी ठरवतो अन् तो तुमच्या मशीनातून जाते. दोघायलेच मालूम रायते. मले अन् तुमाले."

हसत म्हणाले. पण त्या हसण्याच्या मागची नजर मी आयुष्यात पुष्कळदा पाहिली आहे. मामला आता माझ्यापर्यंत आला होता. संताप आला. मी उठले, स्टँडवर गेले आणि अनसिंगची एसटी धरली.

पोचले तेव्हा उन्हं कलली होती. भाचा खुर्चीत पाय वर घेऊन मोबाईल बघत होता. भाईंचा भरतकामाचा रुमाल घडी होऊन खिडकीत पडला होता आणि त्यावर चहाच्या कपाचा गोल उमटला होता. मी राउटर तपासला, केबल तपासली, भिंतीमागे कोणी काही जोडलंय का ते वाकून पाहिलं. काही नव्हतं. तेवढ्यात भाव आला. चढलेला होता.

भाच्यानं स्क्रीन बघितला आणि खिडकीतून ओरडला, "मुकादम, बारदाना काढा!"

हमालांनी गोदामातून रिकाम्या पोत्यांचे गठ्ठे काढले, फाटकाजवळ आणून टाकले, सोडले आणि एकेक पोतं झटकून अंगणात पसरायला लागले. धुळीचा लोट उठला. पोत्यांचा ढीग कमरेपर्यंत आला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"मामाचा नियम हाय न," भाचा म्हणाला. "भाव चढला का सकाळी गाड्यायची लाईन लागते. मंग पोत्यायसाठी शेतकरी खोळंबला नाई पाह्यजे. म्हनून आदल्या सांजेलेच बारदाना झटकून ठेवाचा, भाव जास्त चढला का ढीग बी मोठा. भाव उतरला का काढाचा नाई."

हा नियम मला माहीत होता. शेठ तो प्रत्येक बैठकीत कौतुकानं सांगतात. आमच्याकडे शेतकऱ्याला पोत्यासाठी ताटकळावं लागत नाही, म्हणतात. केनवडला हे काम गोदामाच्या मागच्या बाजूला, भिंतीच्या आत होतं. मानोऱ्याकडे समोर कोणी खरेदीदारच नाही. अनसिंगला मात्र अंगण रस्त्यावर उघडं.

मी फाटकात जाऊन उभी राहिले. रस्त्यापलीकडे, समोरच्यांचा मुनीम बाजेवर बसून चहा पीत होता. त्यानं मला ओळखून मान हलवली.

"या मॅडम. उद्या तेजी दिसते तुमच्याकडं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"आता घ्या!" त्याला माझ्या प्रश्नाचंच आश्चर्य वाटलं. "बारदाना निंघाला न तुमचा. ह्याच्यात लपवाचं काय हाय? साऱ्या अनसिंगले मालूम हाय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आम्ही भाव कुलपात घालून, तुकडे करून, दोन दोन रस्त्यांनी पाठवत होतो आणि तो पोचला की पोती झटकून गावाला सांगत होतो. सापळ्याच्या दिवशी भाईंनीही नियमाप्रमाणे बारदाना काढला असणार. त्यांनी हुकूम पाळला आणि हुकूम पाळल्याबद्दल ते चोर ठरले. आणि बाजेवरचा तो मुनीम काय करत होता? मी जे वाशीमला बसून करते तेच. पोतं त्यानं कधी उघडलं नाही, फक्त ढीग केवढा ते बघितलं. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. भाई घरी बसले होते.

दुसऱ्या दिवशी शेठना सगळं सांगितलं. ते आधी खो खो हसले, मग एकदम हसायचे थांबले, कारण नियम कोणाचा ते त्यांना आठवलं.

"बारदाना आतमंदी झटकत जा म्हना," ते म्हणाले. "अन् त्या भाईले बोलवून घ्या. चौकशी झाली म्हना."

"आणखी काही सांगू का त्यांना?"

"आनखी काय सांगाचं?"

भाई आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. पहिल्या दिवशी मी मुद्दाम अनसिंगला गेले. त्यांनी खिडकीतला रुमाल उचलला, चहाचा डाग बघितला. माझ्यासाठी चहा मागवला.

"ताई, एक काम करसान का?"

"बोला ना."

"माह्या मशीनकडं कोन पाहून राह्यलं, तेवढं मले दिसलं पाह्यजे. बाकी काही नको."

मी त्यांना खरं ते सांगितलं. माझी नजर होती, आणि ती मी त्यांच्या समोरच काढते आहे. त्यांनी मला खुर्ची दिली. मी ती काढली. मग त्यांच्या स्क्रीनवर एक छोटी खिडकी उघडून दिली. या मशीनवर कोणी नजर लावली तर त्याचं नाव तिथे येईल. सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते, पण ती कोणी मागत नाही. घाईत एसटी पकडायची म्हणून त्या खिडकीत नावं उमटायची वाट न बघता मी निघाले. निघताना बरं वाटत होतं. एका माणसाला तरी मी शांत झोप मिळवून दिली, असं मनात आलं.

वाशीमला ऑफिसात पोचते न पोचते तो भाईंचा फोन.

"ताई, तुमी त काढली म्हनल्या."

"हो, काढली की."

"अजून एक दिसून राह्यली."

मला वाटलं माझंच काही राहिलं. मी माझ्या मशीनवर बघितलं. माझी नजर खरंच निघाली होती. दुसरी होती ती शेठच्या केबिनमधली. त्या भिंतीवरच्या स्क्रीनची, हिरव्या दिव्यांच्या मागची. नागपूरच्या माणसांनी बसवली तेव्हापासूनची. मी जे जे बघत होते ते सगळं तिथेही दिसत होतं, भाव आल्यावर भाई मशीन बंद करतात हेसुद्धा. शेठ बोलून गेले होते ते वाक्य मला आता आठवलं; वाशीमला बसून त्यांना ते कसं दिसलं, हे मी विचारलंच नव्हतं. अख्ख्या जगावर संशय घेणारी मी, नेमकं तिथे चुकले होते. मग मी माझ्या स्वतःच्या मशीनसाठीही तीच खिडकी उघडली. तिथेही तेच नाव होतं.

"ताई? हाय का तुमी?"

"आहे. भाई, ती शेठच्या केबिनमधली आहे. पहिल्यापासूनची."

पलीकडून काट्यावर गाडी चढल्याचा आवाज आला. कोणी तरी मुकादमाला हाक मारली.

"म्हंजे मी काही धाडत नाई, हे त्यायलेबी दिसत होतं?"

"हो."

"अन् तुमालेबी."

मोबाईलचं उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. ते मी शेठना एकदा दिलं होतं. भाईंना देता येईना.

"हो, भाई."

"दोघं दोघं पाहून राह्यले होते माह्याकडं, ताई," भाई म्हणाले. "अन् तरी घरी मीच बसलो."